इस्बिस्टर : एका दुर्मिळ आडनावाचा भूगोल

श्रोतेहो, नमस्कार.

स्कॉटलंडच्या मुख्य भूमीचे उत्तर टोक संपले आणि पेंटलंडची सामुद्रधुनी ओलांडली की ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह लागतो. लहानमोठी सत्तरेक बेटे, त्यांपैकी वीसेक बेटांवरच मनुष्यवस्ती, आणि २०२२ च्या जनगणनेनुसार सगळी मिळून जेमतेम २२ हजार माणसे, एवढाच या प्रदेशाचा पसारा आहे. तिथल्या एका आडनावाविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. ते आडनाव आहे इस्बिस्टर. ग्लासगोत जन्म काढलेल्या माणसाच्या कानावर ते एकदाही पडले नसेल, असे सहज घडू शकते. ऑर्कनीची राजधानी असलेल्या कर्कवॉल गावात मात्र दुकानदार हे नाव ऐकून मान वर करून पाहणारही नाही. एकच आडनाव एका ठिकाणी दुर्मिळ आणि दुसऱ्या ठिकाणी रोजच्या वापरातले कसे असते, याचा उलगडा केल्याशिवाय ‘दुर्मिळ आडनाव’ या शब्दप्रयोगाला काही अर्थ उरत नाही, असे माझे मत आहे.

आडनावाची वारंवारता म्हणजे दर हजारी किंवा दर लाखामागे ते आडनाव धारण करणारी माणसे किती, हे प्रमाण. प्रमाण म्हटले की भागाकार आला, आणि भागाकारात खालचा आकडा कोणता घेतला यावर सगळे अवलंबून असते. स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे ५४ लाख आहे. म्हणजे अडीचशे स्कॉटिश माणसांमागे ऑर्कनीचा रहिवासी एकच. केवळ हिशोबासाठी असे धरू या की एखाद्या आडनावाची २२० माणसे आहेत आणि ती सगळीच्या सगळी ऑर्कनीत राहतात. ऑर्कनीपुरते पाहिले तर शंभरात एक जण त्या आडनावाचा निघेल. सगळ्या स्कॉटलंडमध्ये सर्वांत जास्त आढळणारे आडनाव स्मिथ हे आहे आणि त्याचे देशातले प्रमाणही साधारण शंभरात एक एवढेच आहे. म्हणजे आपल्या कल्पनेतल्या या आडनावाला ऑर्कनीत स्मिथच्या बरोबरीचा मान मिळाला. पण तीच २२० माणसे साऱ्या स्कॉटलंडच्या लोकसंख्येत मिसळून मोजली, तर प्रमाण चोवीस-पंचवीस हजारांत एक इतके खाली येते. माणसे तीच, गणतीही तीच; बदलला तो फक्त आपण आखलेला परीघ.

ही मोजणी करण्यासाठी स्कॉटलंडमध्ये साधने भरपूर आहेत. चर्चच्या परगण्यांत ठेवलेल्या बाप्तिस्मा-विवाहांच्या नोंदवह्यांपैकी सर्वांत जुनी वही पर्थशायरमधल्या एरल परगण्याची, १५५३ पासूनची आहे. १ जानेवारी १८५५ पासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सक्तीची झाली. १८४१ पासूनच्या जनगणनांत प्रत्येक माणसाचे नाव लिहिलेले सापडते, आणि त्यांतली १८८१ ची जनगणना आडनावांच्या अभ्यासकांना विशेष प्रिय आहे, कारण इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड या तिन्ही प्रदेशांची ती सगळी पाने स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे खपून अक्षरशः उतरवून काढली आणि त्यामुळे एखादे आडनाव कोणत्या परगण्यात किती माणसांचे होते हे संगणकावर पाहता येऊ लागले. त्यावेळी ऑर्कनीत सुमारे ३२ हजार माणसे राहत होती, म्हणजे आजच्यापेक्षा तब्बल १० हजारांनी अधिक.

मोजताना दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. पहिली शुद्धलेखनाची. नोंद करणारा पाद्री किंवा जनगणनेचा कारकून कानाला ऐकू येईल तसे लिहीत असे, त्यामुळे इस्बिस्टर आणि इस्बेस्टर अशी दोन्ही रूपे कागदोपत्री येतात. ती वेगळी मोजली तर आधीच लहान असलेली संख्या आणखी लहान होते. दुसरी काळजी स्त्रियांच्या नोंदींची. जुन्या स्कॉटिश कागदपत्रांत आणि थडग्यांवरच्या लेखांत विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव टिकवून ठेवण्याची पद्धत होती. वंशावळ शोधणाऱ्याला हे वरदानच आहे, पण निरनिराळे दस्तऐवज एकत्र करून माणसे मोजणाऱ्याने एकाच स्त्रीची गणना दोन आडनावांखाली होणार नाही याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.

आडनावांचे नकाशे हल्ली सर्वत्र दिसतात. जिथे प्रमाण जास्त तिथे गडद रंग, कमी तिथे फिकट. इस्बिस्टरचा असा नकाशा काढला तर ऑर्कनी आणि त्याच्याही उत्तरेचे शेटलंड हे दोन ठिपके गडद होतात आणि बाकीचा विस्तीर्ण देश जवळजवळ कोरा राहतो. ही बेटे नकाशात नीट दाखवली जाणेच पूर्वी दुरापास्त होते. जागा वाचवण्यासाठी शेटलंडला उचलून एका चौकटीत, भलत्याच समुद्रात बसवले जाई. बेटांविषयीच्या २०१८ च्या कायद्याने सरकारी संस्थांना शेटलंड त्याच्या खऱ्या जागी दाखवण्याचे बंधन घातले, आणि ते योग्यच झाले असे मी म्हणेन, कारण इस्बिस्टरसारख्या आडनावाची सगळी कथाच अंतरावर उभी आहे.

ही कथा सुरू होते शेतांपासून. ऑर्कनी आणि शेटलंड ही बेटे कित्येक शतके नॉर्वेच्या सत्तेखाली होती. १४६८ मध्ये डेन्मार्क आणि नॉर्वेचा राजा पहिला ख्रिस्तियान याने आपली मुलगी मार्गारेट हिच्या हुंड्याची रक्कम देता येईना म्हणून ऑर्कनी स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्स राजाकडे गहाण टाकली, पुढच्या वर्षी शेटलंडही टाकली, आणि ते गहाण कधीच सुटले नाही. राज्य बदलले, बेटांवरची नॉर्स बोली पुढे हळूहळू मावळली, पण शेतांची नावे राहिली. ‘बिस्टर’ हे शेपूट नॉर्स भाषेतल्या शेतवाडीच्या शब्दाचे झिजलेले रूप आहे, आणि इस्बिस्टर नावाची शेते एकाहून अधिक आहेत : बर्सी परगण्यात एक, रेंडल परगण्यात एक, साउथ रोनल्डसे बेटावर एक, शिवाय शेटलंडमध्येही. साउथ रोनल्डसेवरच्या इस्बिस्टर शेतात १९५८ मध्ये शेतमालकाला अश्मयुगीन दफनगृह सापडले, आणि आज ते ‘गरुडांचे थडगे’ म्हणून जगभर ओळखले जाते.

शेतावरून आडनाव पडण्याची ही रीत आपल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या ‘कर’ जोडलेल्या आडनावांची आठवण करून देते, मात्र दोन्हींचे माप निराळे आहे. आपल्याकडे आडनाव साधारणतः गावाचे असते, ऑर्कनीत ते एकेका शेतवाडीचे असते, म्हणून ऑर्कनीतल्या आडनावाचा उगम कधीकधी दहा-वीस एकरांच्या तुकड्यापर्यंत नेता येतो. लिंकलेटर, फूबिस्टर, मारविक, क्लाउस्टन, कॉरिगल, हूर्स्टन ही सगळी त्याच कुळीतली नावे. ऑर्कनीच्या शेतनावांचा आयुष्यभर अभ्यास करणारे विद्वान ह्यू मारविक यांचे स्वतःचे आडनावही बर्सीतल्या एका जागेचेच होते.

इथे एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यावी लागते. शेते अनेक असल्यामुळे इस्बिस्टर आडनावाची सगळी माणसे एका मूळपुरुषाची वंशज नाहीत. त्यातही जुन्या काळी एका शेतावरून दुसऱ्या शेतावर राहायला गेलेला माणूस नव्या शेताचे नाव लावू लागे, त्यामुळे एकाच बापाचे दोन मुलगे दोन आडनावांचे, आणि रक्ताचे नाते नसलेली दोन कुळे एका आडनावाची, असे दोन्ही प्रकार घडत. शेटलंडमध्ये तर बापाच्या नावावरून ओळखण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालू होती आणि कायमची आडनावे तिथे उशिरा रुजली. आडनावाची वारंवारता पाहून नातेसंबंधांचे निष्कर्ष काढणाऱ्यांनी निदान या बेटांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा.

आता हे आडनाव समुद्रापार कसे गेले ते पाहू, आणि माझ्या दृष्टीने या विषयातला सर्वांत समृद्ध भाग हाच आहे. १६७० मध्ये लंडनमध्ये हडसन्स बे कंपनी स्थापन झाली आणि उत्तर अमेरिकेतल्या हडसन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांच्या मुलखातल्या फरच्या व्यापाराची मक्तेदारी तिला मिळाली. कंपनीची जहाजे अटलांटिकमध्ये शिरण्यापूर्वी ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेस बंदरात गोडे पाणी भरून घेत, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून ती पाण्याबरोबर माणसेही नेऊ लागली. होडी चालवण्यात तरबेज, थंडीला सरावलेली आणि लंडनच्या मानाने कमी पगारावर राबायला तयार असलेली ही तरुण मुले कंपनीला फार मानवली. त्या शतकाच्या अखेरीस कंपनीच्या तिकडच्या नोकरवर्गात जवळजवळ चारांपैकी तीन जण ऑर्कनीचे होते.

ऑर्कनीची आडनावे कंपनीच्या तिकडच्या व्यापारी ठाण्यांवर किती सरसकट झाली होती, हे एका प्रसंगावरून कळते. ऑर्फर परगण्यातली इझाबेल गन ही तरुणी १८०६ मध्ये पुरुषाचा वेश करून कंपनीच्या नोकरीत शिरली. कंपनी युरोपीय स्त्रियांना नोकर म्हणून घेत नसे. तिने जे नाव सांगितले ते होते जॉन फूबिस्टर. फूबिस्टर हे ऑर्कनीतल्या सेंट अँड्र्यूज परगण्यातले एक शेत. ऑर्कनीतून येणाऱ्या असंख्य पोरांपैकी आणखी एक, एवढेच कारकुनाने समजायला ते आडनाव पुरेसे झाले असणार, असे मला वाटते. ती पुरुषांच्या बरोबरीने वर्षभर राबली, आणि १८०७ च्या डिसेंबरमध्ये पेंबिना इथल्या ठाण्यावर तिने मुलाला जन्म दिला तेव्हाच तिची खरी ओळख उघड झाली. १८०९ मध्ये तिला मुलासह ऑर्कनीला परत पाठवण्यात आले.

पुरुष नोकरांपैकी अनेकांनी क्री आणि इतर आदिवासी जमातींतल्या स्त्रियांशी त्या मुलखातल्या रिवाजाप्रमाणे संसार थाटले. मुलांना बापाचे आडनाव लागले. म्हणून आजच्या कॅनडातल्या मॅनिटोबा आणि सस्कॅचवान प्रांतांत आदिवासी आणि मेटी (म्हणजे आदिवासी व युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) समाजात इस्बिस्टर, लिंकलेटर, फ्लेट ही आडनावे ठायी ठायी भेटतात. जन्मगावाच्या नकाशात दोन ठिपक्यांपुरते असलेले आडनाव अशा रीतीने हजारो मैलांवर नव्याने दाट झाले.

त्या मिश्र वंशातला सर्वांत थोर माणूस म्हणजे अलेक्झांडर केनेडी इस्बिस्टर. त्याचा जन्म १८२२ मध्ये कंबरलंड हाउस या कंपनीच्या ठाण्यावर झाला. वडील थॉमस इस्बिस्टर ऑर्कनीचे. आई मेरी केनेडी ही एका ऑर्कनीच्या अधिकाऱ्याची आणि क्री स्त्रीची मुलगी. लहानपणी त्याला शिक्षणासाठी साउथ रोनल्डसेवरच्या सेंट मार्गारेट्स होप या गावी पाठवले, म्हणजे इस्बिस्टर नावाचे शेत ज्या बेटावर आहे त्याच बेटावर. पुढे १८४२ मध्ये तो कायमचा ब्रिटनमध्ये आला, लंडनमध्ये शाळेचा मुख्याध्यापक झाला, आणि रेड नदीच्या खोऱ्यातल्या आपल्या लोकांवर कंपनीच्या मक्तेदारीमुळे होणाऱ्या अन्यायाविरुद्ध १८४७ पासून ब्रिटिश सरकारकडे चिकाटीने दाद मागत राहिला. १८५७ च्या संसदीय समितीपुढे त्याची साक्ष झाली. १८८३ मध्ये तो वारला तेव्हा आपली मालमत्ता आणि ग्रंथसंग्रह त्याने मॅनिटोबा विद्यापीठाला दिला, आणि स्त्री-पुरुष, वंश, धर्म असा कोणताही भेद न करता शिष्यवृत्त्या द्याव्यात अशी अट घातली. त्या काळात अशी अट घालणाऱ्या माणसापुढे नतमस्तक व्हावे असेच मला वाटते.

या इस्बिस्टरांनी ‘एज्युकेशनल टाइम्स’ या लंडनच्या शैक्षणिक मासिकाचे संपादन अनेक वर्षे केले. आणि नेमक्या त्याच मासिकात, १८७३ मध्ये, इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी एक गणित वाचकांपुढे ठेवले : आडनाव केवळ मुलग्यांकडून पुढे जाते असे धरले, आणि प्रत्येक पुरुषाला किती मुलगे होण्याची शक्यता किती हे ठाऊक असले, तर ठरावीक पिढ्यांनंतर किती आडनावे नामशेष झालेली असतील? हेन्री वॉटसन या पाद्री गणितज्ञाने उत्तर काढले आणि १८७४ मध्ये दोघांचा एकत्रित निबंध प्रसिद्ध झाला. वॉटसनची पद्धत अचूक होती, पण सगळीच आडनावे शेवटी नष्ट होणार हा त्याचा निष्कर्ष चुकीचा ठरला. दर पुरुषामागे मुलग्यांची सरासरी एकापेक्षा जास्त असेल, तर आडनाव कायम टिकण्याचीही शक्यता उरते, आणि आरंभी ते जितक्या जास्त पुरुषांकडे असेल तितकी ती शक्यता वाढते. सरासरी एक किंवा त्याहून कमी असेल, तर मात्र केवळ योगायोगाच्या फेऱ्यानेच आडनाव संपते. त्याला रोगराई किंवा युद्धाची गरज लागत नाही.

कॅनडात हे आडनाव इतिहासातही उमटले. जेम्स इस्बिस्टर याने १८६२ मध्ये उत्तर सस्कॅचवान नदीकाठी शेती सुरू केली आणि त्याच वस्तीचे पुढे प्रिन्स अल्बर्ट हे शहर झाले. १८८४ मध्ये मेटी पुढारी लुई रिएल याला बोलावून आणण्यासाठी मोंटानाला घोड्यावरून गेलेल्या चौघांत तो होता. ऑर्कनीची लोकसंख्या मात्र १८६१ नंतर ओसरतच गेली. १९३१ मध्ये ती २२ हजारांच्या घरात आली. बेटांवर लोक घटले की तिथल्याच मातीतली आडनावे संख्येने घटतात, आणि तरीही बेटापुरते त्यांचे प्रमाण फारसे न बदलण्याचा संभव असतो; या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजायला हव्यात.

तशी मोजणी करण्याची पुढची संधी ठरलेली आहे. स्कॉटलंडमध्ये जनगणनेची नावनिशीवार पाने शंभर वर्षे बंद ठेवतात. १९२१ ची पाने २०२२ मध्ये खुली झाली. इंग्लंड आणि वेल्सची १९३१ ची पाने १९४२ मध्ये आगीत जळून गेली, पण स्कॉटलंडची पाने एडिंबरोमध्ये असल्यामुळे वाचली, आणि ती २०३२ मध्ये वाचायला मिळतील. पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात ऑर्कनीतल्या कोणत्या परगण्यातून इस्बिस्टर कुटुंबे निघून गेली आणि कोणत्या परगण्यात टिकून राहिली, हे तेव्हा १९२१ च्या पानांशी ताडून घरागणिक सांगता येईल.

नमस्कार.