मंडळीने आधी कोणाचे ऐकावे?

श्रोतेहो, नमस्कार, आणि आपल्यातील ख्रिस्ती बंधुभगिनींना सलाम.

आज मी जो प्रश्न आपल्यापुढे मांडणार आहे, तो पुण्याच्या पेठांतील आणि लष्कर भागातील (कॅम्पातील) अनेक जुन्या मंडळ्यांपुढे, म्हणजे चर्चच्या उपासक-समुदायांपुढे, उभा आहे. ज्या वस्तीसाठी देऊळ, म्हणजे चर्च, बांधले गेले ती वस्तीच पालटली, तर मंडळीने आपले सेवाकार्य कोणते समजावे, आणि ते ओळखावे कसे? प्रश्न ख्रिस्ती मंडळीचा असला तरी ज्यांच्या संस्थेची इमारत जुनी आणि शेजार नवा आहे, त्या सर्वांनी तो ऐकावा असे मला मनापासून वाटते.

पुण्यातील देवळे एका काळात किंवा एका हेतूने उभी राहिलेली नाहीत. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या सैन्यातील पोर्तुगीज ख्रिस्ती अधिकाऱ्यांसाठी जागा दिली आणि तिथे १७९२ मध्ये सिटी चर्च आले; लष्करातील सेंट मेरीज चर्च १८२५ चे, ते इंग्रज पलटणींसाठी; आणि गुरुवार पेठेतील पंचहौदाचे पवित्र नाम देवालय १८८५ चे, तिथे मराठी उपासना रुजली. आमच्या आजोबा-पणजोबांची पिढी बहुतेक नगर आणि जालन्याकडून आली. कोणी शिक्षक झाले, कोणी परिचारिका, कोणी छापखान्यात खिळे जुळवू लागले, कोणी रेल्वेत आणि कोणी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले. ही सगळी माणसे देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत असत. पुढे १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, मागोमाग इतर कारखाने आले आणि मुले चिंचवड-आकुर्डीला गेली. नातवंडे आता खराडी, वाघोली आणि हिंजवडीला राहतात. रविवारी सकाळी साडेआठच्या उपासनेसाठी तिथून पेठेत येणे म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको. तेव्हा देऊळ पेठेत, मंडळी उपनगरांत आणि देवळाच्या फाटकाबाहेर भलतीच माणसे, अशी आजची स्थिती आहे.

आता मी आपल्याला एका मंडळीची हकिकत सांगते. मंडळीचे नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एका देवळाची आहे तशीच ती दहा देवळांची असू शकते. तिच्या पंचकमिटीचे, म्हणजे कारभार पाहणाऱ्या समितीचे, इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून मी ती जवळून पाहिली. जाता जाता एक आग्रहाची गोष्ट सांगते: मंडळीचे इतिवृत्त मराठीतच लिहावे. ते इंग्रजीत गेले की महिला मंडळातील निम्म्या भगिनींना आपल्याच मंडळीत काय ठरले ते दुसऱ्याकडून कळते, आणि हे बरे नव्हे.

तर, या मंडळीचे देऊळ मोठ्या रुग्णालयांच्या परिसरात आहे. मागे एक सभागृह आहे, त्याला लागून स्वयंपाकघर आणि न्हाणीघरे आहेत, आणि नाताळ व हंगामाच्या सणाला (पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या सणाला) प्रीतिभोजन करण्यासाठी लागणारी मोठी पातेली तिथे वर्षभर पालथी घातलेली असतात. वार्षिक सभेत ठरले की आता मंडळीने शेजारासाठी काही करावे. एका ज्येष्ठ पंचांनी अन्नदानाची योजना मांडली: रुग्णांचे नातेवाईक बाहेर पदपथावर बसलेले असतात, त्यांना आठवड्यातून दोन दिवस खिचडी द्यावी. योजना चांगली होती, त्यांची कळकळ खरी होती, आणि त्यासाठी वर्गणीही जमू लागली होती. एवढ्यात महिला मंडळातील एका भगिनी उठल्या. त्या निवृत्त परिचारिका आहेत आणि त्यांचे सारे आयुष्य वॉर्डात गेले आहे. त्या म्हणाल्या, “द्यायचे काय ते ठरवण्याआधी त्या लोकांना विचारू या का? आम्ही बायका जातो. महिना-दोन महिने द्या.”

पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, त्यांना तो वेळ मिळवून दिला. या भगिनी दोघी-दोघींनी सकाळ-संध्याकाळ जात. त्यांनी एक नियम स्वतःला घालून घेतला होता: हातात धर्मप्रसाराची पत्रिका न्यायची नाही, खाऊ न्यायचा नाही, कोणाला जात-धर्म विचारायचा नाही, फक्त शेजारी बसायचे, कोणत्या गावचे, किती दिवस झाले, कशाची अडचण होते एवढे विचारायचे आणि जे ऐकू येईल ते वहीत उतरवायचे. रुग्णालयांबाहेर ज्यांनी रात्री काढल्या असतील त्यांना ठाऊक असेल की रुग्णाजवळ वॉर्डात साधारण एकाच माणसाला थांबू देतात, बाकीचे बाहेर. गावाकडून आई येते, वहिनी येते, तान्हे मूल घेऊन सून येते, आणि ही सर्व माणसे आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस कपड्यांच्या बोचक्याला टेकून काढतात.

उस्मानाबादकडच्या (आताच्या धाराशिवकडच्या) एका बाईंनी जे सांगितले ते मी त्या वहीत वाचले आहे, आणि त्यांच्याच शब्दांत सांगते. “ताई, जेवन मिळतंय हो हितं. लई लोक आनून देत्यात, कदी कदी दोनदोनदा. पर अंग धुवाया जागा न्हाई. बाईमानसानं जावं कुटं? म्या तर पानीच पीत न्हाई दुपारपतूर.”

श्रोतेहो, या बाई पाणी पीत नव्हत्या. त्यांना भूक नव्हती असे नाही, पण भुकेची सोय दुसऱ्यांनी केली होती. अंघोळीची, लघवीला जाण्याची, ओले कपडे वाळत घालण्याची आणि फोन चार्ज करून गावी निरोप देण्याची सोय कोणी केली नव्हती. हीच गोष्ट वहीत पानोपानी होती. एक-दोघी नव्हे, बहुतेक बायकांनी पाणी कमी पिण्याचे सांगितले होते. ज्या भगिनींनी आयुष्यभर रुग्णांच्या पाण्याचा हिशेब ठेवला, त्यांना याचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आणि या सर्वांपासून हाकेच्या अंतरावर आमच्या सभागृहामागची न्हाणीघरे सोमवार ते शनिवार कुलूप लावून बंद होती.

वही पंचकमिटीपुढे आली ती सभा मला चांगली आठवते, कारण ती रात्री उशिरापर्यंत चालली. खजिनदारांनी पाण्याचा, सफाईचा आणि ड्रेनेज तुंबण्याचा प्रश्न काढला, आणि तो रास्त होता. सभागृह लग्नकार्यांना भाड्याने जाते आणि त्या भाड्यातून देवळाच्या डागडुजीचा बराच खर्च निघतो, म्हणून ते गमावता येणार नव्हते. एकाने चोरीची भीती बोलून दाखवली. तरुण संघातील मुलांचे म्हणणे होते की लोक येतीलच, तर व्हरांड्यात सुवार्तेच्या पत्रिका ठेवाव्यात. यावर सर्वांत जास्त वेळ गेला. शेवटी ठरले ते असे: सकाळी सहा ते दहा न्हाणीघरे आणि मागचा व्हरांडा उघडा राहील, कारण त्या वेळी सभागृह भाड्याने जात नाही, गरम पाणी मिळेल, सफाईचे काम स्वयंसेवकांवर न सोडता गल्लीतल्याच एका बाईंना पगार देऊन ठेवायचे, पत्रिका ठेवायच्या नाहीत, आणि कोणी आपण होऊन प्रार्थना मागितली तर मात्र ती जरूर करायची. पत्रिकांबाबतचा हा निर्णय मला पूर्णपणे मान्य आहे. ज्या माणसाला आपल्या दारातल्या पाण्याची गरज आहे त्याच्यापुढे त्याच क्षणी आपला धर्म ठेवणे म्हणजे त्याच्या अडचणीचा फायदा घेणे होय, आणि येशू ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुताना असे काही केले नव्हते.

अन्नदानाची योजना मांडणाऱ्या पंचांना हा निर्णय पटला नाही. पवित्र उपासनेच्या आवारात रोज अंघोळीची वर्दळ नको, असे त्यांनी शांतपणे सांगितले आणि आपली असहमती इतिवृत्तात नोंदवायला लावली. मी ती शब्दशः नोंदवली, त्यांनी खाली सही केली, आणि आजही त्यांचे मत तेच आहे. दोन कुटुंबे दुसऱ्या मंडळीत गेली. हेही सांगितले पाहिजे की रविवारच्या उपासनेची हजेरी या कामामुळे वाढलेली नाही. ती वाढावी म्हणून हे काम नव्हते. सकाळी फाटक उघडते तेव्हा बाहेर बायका थांबलेल्या असतात, आणि त्या सर्वांना दहाच्या आत अंघोळ मिळते की नाही, हा आता रोजचा प्रश्न आहे.

या हकिकतीतून मला जे सांगायचे आहे ते थोडेच आहे: मंडळीने आधी ऐकावे, मग ठरवावे. आधी ऐकावे, मग ठरवावे. आपल्याजवळ पातेली आहेत म्हणून समोरच्याला खिचडीच हवी असेल, असे मंडळीने धरून चालू नये.

हे काही नवे नाही. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमेच्या मंडळीत अशीच वेळ आलेली दिसते. मंडळी वाढली, तिच्यात ग्रीक बोलणारे लोक आले, आणि रोजच्या वाटपात आपल्या विधवांची उपेक्षा होते अशी त्यांची तक्रार होऊ लागली. प्रेषितांनी ती तक्रार दाबून टाकली नाही. त्यांनी सर्वांना बोलावले आणि सात जण निवडायला सांगितले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलेच ते असावेत, हे वाचताना सहसा आपल्या लक्षात येत नाही.

आणि पुण्याचेच उदाहरण द्यायचे तर पंडिता रमाबाईंचे द्यावे लागेल. त्यांचे विधवांसाठीचे शारदासदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आले. त्याच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि फळबाग लावायचे मनात धरले. इतक्यात १८९६ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, निराधार मुली आणि विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगाच्या निर्बंधांमुळे सदनात गर्दी करण्यास मनाई झाली, तेव्हा त्यांनी त्यांना केडगावच्या त्याच जमिनीवर नेले. पुढे तिथे मुक्तिसदन उभे राहिले. बाग लावण्याचा बेत वाईट नव्हता, पण दारात जे आले ते पाहून त्यांनी तो बदलला.

मंडळ्यांमध्ये भाषेचाही प्रश्न येतो. अनेक ठिकाणी तरुणांसाठी इंग्रजी उपासना सुरू झाल्या आहेत, आणि त्या असाव्यात. परंतु रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने पेटी-तबल्यावर म्हणता येणारी मुले ज्या मंडळीत उरणार नाहीत, तिला शेजारच्या मराठी माणसाशी कशा प्रकारे बोलायचे हेच कळेनासे होईल, अशी मला काळजी वाटते. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे सी. एन. आय., २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन स्थापन झाली, तेव्हा निरनिराळ्या रीतींची माणसे एका छताखाली आली. ती पिढी एकमेकांच्या चाली शिकली. आजच्या पिढीलाही ते साधेल.

ज्या मंडळीची हकिकत मी सांगितली, तिच्यापुढे आता पुढचा विषय आला आहे. पाळकसाहेबांच्या निवासामागे मोकळी जागा आहे आणि एका बांधकाम व्यावसायिकाने ती मागितली आहे. त्याऐवजी तिथे रुग्णांच्या नातेवाइकांना रात्री निजता येईल अशी खोली बांधावी, असा महिला मंडळाचा ठराव आहे, आणि खजिनदारांचा हिशेब अजून जुळत नाही. हंगामाच्या सणानंतर यावर सभा होईल. या वेळी सभेला गल्लीतल्या दोन बायकांना, ज्या मंडळीच्या सभासद नाहीत पण रोज सकाळी ते फाटक उघडताना पाहतात, त्यांना बोलावून त्यांचे म्हणणे सर्वांत आधी ऐकायचे ठरले आहे.

नमस्कार.