अणूवर उडणारं विमान: घोडं कुठे अडतं?

मित्रहो, संध्याकाळचे साडेसात वाजले तरी भुसावळची झळ उतरलेली नाही, आणि अशा उकाड्यात तुम्ही अणुभट्टीबद्दल ऐकायला आलात, याचा मला मनापासून आनंद आहे. माझी सगळी नोकरी दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रात बॉयलरवर गेली. कोळशाच्या वाघिणी रोज रिकाम्या होताना पाहिल्या. त्यामुळे अणुभट्टीचं इंधन असलेलं एक ग्रॅम युरेनियम-235 पूर्ण विखंडित झालं, म्हणजे त्याचे सगळे अणू फुटले, तर किती उष्णता मिळते, हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा मी हिशेब तीनदा तपासला. विमानाच्या इंधनात मोजलं तर ती जवळजवळ दोन टन भरते. म्हणजे दोनशे लिटरची बारा पिंपं!

जेट इंजिन पुढून हवा घेतं, दाबतं, तापवतं आणि मागे फेकतं. तापवायला केरोसीनच हवं असं नाही. अणुभट्टीतून नेली तरी हवा तापते. अमेरिकेनं 1946 मध्ये हे काम हाती घेतलं आणि 1956 मध्ये आयडाहोत, जमिनीवर, एक जेट इंजिन निव्वळ अणूच्या उष्णतेवर चालवून दाखवलं. ती अवाढव्य यंत्रं आजही तिथे आर्को गावाजवळ पाहायला मिळतात. तेव्हा इंजिन चालतं की नाही, हा वादच नाही.

घोडं अडतं ते वजनापाशी. भट्टीतून माणसाला घातक असे गॅमा किरण आणि न्यूट्रॉन नावाचे कण निघतात. गॅमा किरण आहेत, त्यांना अडवायला शिशासारखं जड काही लागतं. न्यूट्रॉन मात्र शिशाला फारसे जुमानत नाहीत. त्यांच्यासाठी पाणी, मेण, रबर असं हायड्रोजननं भरलेलं द्रव्य लागतं. दोन्ही थर हवेत, आणि भट्टी निम्मी केली म्हणून थरांची जाडी निम्मी होत नाही. 1955 ते 1957 या काळात अमेरिकेच्या एका बी-36 बॉम्बफेकी विमानानं एक मेगावॉटची भट्टी पोटात घेऊन 47 उड्डाणं केली. त्या भट्टीनं पंखा एकदाही फिरवला नाही, ती नुसती सोबत नेली होती. तरी वैमानिकांची खोली शिसं आणि रबरानं मढवावी लागली. तिचं वजन सुमारे 11 टन, आणि समोरची काच वीतभराहून जाड! आता तुलना करा: चार इंजिनांचं मोठं प्रवासी विमान तासाला दहाएक टन इंधन जाळतं, म्हणजे त्याला सुमारे 120 मेगावॉट उष्णता लागते.

शिवाय नेहमीचं विमान इंधन जाळत हलकं होत जातं आणि हलकं होऊनच उतरतं. हे विमान जेवढं जड उठेल, तेवढंच जड धावपट्टीवर आदळेल.

उतरल्यावर काय होतं, ते बॉयलरवाल्याला लगेच कळतं. आम्ही कोळसा बंद केला की आग विझायची. भट्टी बंद केली तरी तिच्यात त्या क्षणी सहा-सात टक्के उष्णता निघतच असते, कारण विखंडनाचे तुकडे क्षय पावत राहतात. 120 मेगावॉटच्या भट्टीत ती सात-आठ मेगावॉट होते. विमानतळावर ती थंड कशी ठेवायची? आणि असं विमान सावदा-रावेरच्या केळीबागांत कोसळलं, तर त्या मातीचं काय? मला हा प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो. 15 वर्षं आणि जवळजवळ एक अब्ज डॉलर खर्चून 1961 मध्ये केनेडींनी तो कार्यक्रम बंद केला. ते योग्यच झालं.

माणूस काढला की कवच नको, असाही विचार झाला. 1964 मध्ये नेवाडात क्षेपणास्त्रासाठीची 513 मेगावॉटची उघडी भट्टी पाचेक मिनिटं जमिनीवर चालवली गेली. उडण्याआधीच तीही योजना गुंडाळली. 2018 मध्ये रशियानं अशाच क्षेपणास्त्राची घोषणा केली, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं, पाणबुडीत चालतं ना? चालतं, 1955 पासून चालतंय. तिथे कवचाचं ओझं पाणी पेलतं. जमीनही पेलते. आपल्या तापीचं पाणी पुढे गुजरातेत काक्रापारला जातं, तिथे 700 मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या जाड काँक्रीटच्या आत उभ्या आहेत आणि ते काँक्रीट कुणाला उचलायचं नाही. अशा विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढता येतो, त्यात कार्बन मिसळून द्रव इंधन करता येतं आणि ते आजच्याच विमानांच्या टाक्यांत भरता येतं. केरोसीनपेक्षा ते आज खूपच महाग पडतं. पण इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी हात घालावा असं काम ते आहे, आणि त्यातल्या कुणाला माझ्या हिशेबाच्या वह्या हव्या असतील तर त्या मी आज सोबत आणल्या आहेत.