झाकणाकडे बघून बाटली घ्या

श्रोतेहो, नमस्कार.

पाणी थंड किंवा गरम ठेवणारी बाटली तुमच्या घरात असेल, तर ती जवळ घेऊन बसा. नवी घ्यायची असेल, तरीही पुढची काही मिनिटं माझ्याबरोबर राहा. अशी बाटली निवडताना आपण रंग बघतो, हातात धरून वजनाचा अंदाज घेतो आणि खोक्यावरचे तास वाचतो. २४ तास थंड, १२ तास गरम. झाकण एकदा फिरवलं, घट्ट बसलं, की झालं. त्या झाकणाबद्दलच मला आज बोलायचं आहे. आपण ज्याला बाटली म्हणतो ते स्टीलचं नळकांडं आता बऱ्याच ठिकाणी सारखंच आणि चांगलं बनतं. बाटली चांगली निघाली की वाईट, हे झाकणावर ठरतं.

पण आधी आत काय आहे ते पाहू.

१८९२ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअर नावाच्या स्कॉटिश शास्त्रज्ञाने एकात एक अशी दोन भांडी बसवली आणि मधली हवा काढून टाकली. त्याला पाणी थंड ठेवायचं नव्हतं. द्रवरूप केलेले वायू उकळून उडून जाऊ नयेत, यासाठी त्याची धडपड चालली होती. पुढे १८९८ साली त्याने हायड्रोजन द्रवरूपात आणला, म्हणजे उणे २५३ अंश सेल्सिअसच्या आसपास. इतकी थंडी सांभाळणारं भांडं हेच आपल्या बाटलीचं मूळ. ड्यूअरने पेटंट घेतलं नाही. जर्मनीतल्या राइनहोल्ड बर्गरने ते भांडं धातूच्या कवचात बसवून घरात वापरण्याजोगं केलं, आणि १९०४ साली ‘थर्मॉस’ हे नाव आलं. ग्रीक भाषेत उष्णतेसाठी जो शब्द आहे, त्यावरून. आपण अजूनही अशा कुठल्याही बाटलीला सरसकट ‘थर्मास’ म्हणतो, ते तिथून आलेलं. पण आतलं भांडं काचेचं होतं, हातातून सुटलं की संपलं. पूर्ण स्टीलची बाटली विल्यम स्टॅनली या अमेरिकन अभियंत्याने १९१३ मध्ये आणली.

उष्णता ज्या तीन रस्त्यांनी प्रवास करते, त्यांची शाळेत शिकलेली नावं आठवून बघा: वहन, अभिसरण आणि प्रारण. वहन आणि अभिसरण यांना काहीतरी पदार्थ लागतो, मग ती हवा का असेना. दोन भिंतींमधली हवाच काढून घेतली की हे दोन्ही रस्ते जवळजवळ बंद. प्रारणाला पदार्थ लागत नाही, म्हणून काचेच्या थर्मासमध्ये चांदीचा मुलामा देतात आणि स्टीलच्या काही बाटल्यांमध्ये आतल्या भिंतीच्या बाहेरून तांब्याचा पातळ थर असतो. तो थर उष्णता परत फिरवतो.

म्हणून खोक्यावर नुसतं ‘डबल वॉल’ लिहिलं असेल तर थांबा. दोन भिंती आहेत, इतकंच त्यातून कळतं. मध्ये साधी हवा असू शकते, फोम असू शकतो. ‘व्हॅक्यूम’, म्हणजे हवा काढून घेतलेली पोकळी, हा शब्द तिथे असायला हवा.

आता मला सांगा, दोन्ही भिंतींच्या मध्ये पोकळी आहे, तर मग उष्णता ये-जा करते कुठून? बाटलीच्या तोंडाशी बोट फिरवून बघा. तिथे आतली आणि बाहेरची भिंत एकमेकींना जोडलेली असते. सगळ्या बाटलीत तेवढाच एक धातूचा पूल. स्टेनलेस स्टील हे धातूंमध्ये उष्णतेचं मंद वाहक आहे, तांब्याच्या तुलनेत तर पंचवीस पटींच्या आसपास मंद, त्यामुळे हा पूल अरुंद वाटेसारखा आहे. पण त्या तोंडावर जे बसतं, त्या झाकणात बहुधा पोकळी नसतेच. प्लॅस्टिक असतं, आत थोडा फोम किंवा कोंडलेली हवा. गरम पाण्याची वाफ वर येते आणि थेट झाकणाला भिडते. म्हणून तोंड जितकं रुंद, तितकी उष्णतेची गळती जास्त. आणि ज्या झाकणात स्ट्रॉ आहे, बटण आहे, उघडझाप करणारी चोच आहे, ते आटे फिरवून बसणाऱ्या जाड, भरीव झाकणापेक्षा सहसा कमी टिकवतं. भांडं तेच, झाकण बदललं की तास बदलतात. कंपनीचे तास कुठल्या झाकणावर मोजले होते, हा प्रश्न विचारायलाच हवा.

तासांचं आणखी एक कोडं आहे. थंड २४ आणि गरम १२, असा दुप्पट फरक का? बाटलीला काही थंडीची जास्त माया नाही. ९५ अंशांचं पाणी २५ अंशांच्या खोलीत ठेवलं, तर फरक ७० अंशांचा. ५ अंशांचं ठेवलं तर फरक फक्त २० अंशांचा. फरक साडेतीन पट, तर उष्णतेची पळापळही सुमारे तितकीच जोरात. शिवाय थंडाच्या बाजूने बर्फ उभा असतो. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला सुमारे ८० कॅलरी लागतात, आणि तोपर्यंत पाणी शून्याच्या आसपासच राहतं. तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यावरून ८० अंशांवर गेलं असतं! मूठभर बर्फ टाकणं हे बाटली बदलण्यापेक्षा मोठं काम करतं, हे मला फार आवडतं.

त्यामुळे ‘इतके तास गरम’ हे वाक्य अर्धंच आहे. किती तासांनी किती अंश, हे लिहिलेलं असेल तर ते खरं माप. जपानी बाटल्यांवर सहसा ६ तासांनंतरचं तापमान दिलेलं असतं. असा आकडा छापणाऱ्या कंपनीकडे मी जास्त भरवशाने बघते. आणि तो आकडा बाटली काठोकाठ भरून मोजलेला असतो, हेही ध्यानात ठेवा. अर्धी रिकामी बाटली लवकर निवते. मोठी बाटली छोटीपेक्षा जास्त वेळ टिकवते, कारण आकार वाढला की आतलं पाणी जितकं वाढतं तितका तिचा पृष्ठभाग वाढत नाही. पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि त्यावर स्टीलचं वजन. रोज खांद्यावर वागवायची असेल, तर जी उचलून नेणं जिवावर येणार नाही तीच घ्या. घरीच राहिलेली बाटली कितीही चांगली असली तरी काय उपयोगाची?

आता झाकण उलटं करा. आत रबरासारखी एक रिंग दिसेल. ती बहुधा सिलिकॉनची असते. पाणी आत कोंडून ठेवण्याचं काम तिचंच. काही महिन्यांपूर्वी माझ्या बाटलीतल्या पाण्याला कुबट वास यायला लागला. मी बाटली घासली, गरम पाण्याने धुतली, उन्हात पालथी घातली. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास. मला वाटलं स्टीलच हलकं असणार. मग एकदा लाकडी काडीच्या बोथट टोकाने ती रिंग उचलली. वरून स्वच्छ दिसणारी ती रिंग मागच्या बाजूने काळी पडली होती, आणि ती ज्या खाचेत बसते तिथे बुळबुळीत थर साचला होता. हीच बाटली मी आजारी माणसाच्या उशाशी ठेवत होते. त्या दिवसापासून बाटली निवडताना मी पहिला प्रश्न विचारते: रिंग बाहेर निघते का? आणि दुसरा: सुटी रिंग मिळते का?

झाकणाचे भाग किती सुटे होतात, ते बघा. जो भाग उघडता येत नाही, तो धुता येत नाही. स्ट्रॉ असेल तर तिच्यात बारीक ब्रश जायला हवा. बटणाच्या झाकणात स्प्रिंगच्या मागे जी जागा असते, तिथे पाणी साचतं आणि वाळत नाही. मुलांना अशी झाकणं आवडतात, धावताना एका हाताने उघडतात, हे खरं. मग ती रोज उघडून धुण्याची तयारी हवी. आणि या झाकणांच्या बाटलीत उकळतं काही भरू नका. आत वाफेचा दाब वाढतो आणि बटण दाबल्याबरोबर गरम पाणी तोंडावर उडतं. स्ट्रॉ थंडासाठी, आटे गरमासाठी, अशी माझी साधी वाटणी आहे.

स्टीलबद्दल थोडक्यात सांगते. बाटलीवर स्टीलचा प्रकार सांगणारा ३०४ किंवा १८/८ असा आकडा शोधा. १८ म्हणजे सुमारे १८ टक्के क्रोमियम, ८ म्हणजे सुमारे ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये वर थोडं मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते खारटपणाला सहज दाद देत नाही. साध्या पाण्याला ३०४ पुरतं. २०१ हे स्वस्त पडतं, कारण त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, आणि ते लवकर गंजू शकतं. कुणी लोहचुंबक लावून दाखवलं आणि ‘चिकटत नाही, म्हणजे अस्सल’ म्हणाला तर मान डोलावू नका. २०१ लाही चुंबक सहसा चिकटत नाही.

झाकणाच्या प्लॅस्टिकवर त्रिकोणात ५ असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, गरमाला चालणारं. ७ असेल तर त्याचा अर्थ फक्त ‘इतर’. त्यात पॉलिकार्बोनेट येतं, ज्यात बिस्फेनॉल ए, म्हणजेच बीपीए, हे रसायन वापरतात, आणि ते नसलेली नवी प्लॅस्टिकंही येतात. तिथे ‘बीपीए फ्री’ लिहिलं आहे का, हे वेगळं बघावं लागतं.

बुडाकडेही एकदा नजर टाका. हवा काढल्यावर जे बारीक छिद्र उरतं, ते बुजवायला काही उत्पादक शिसं असलेला डाख वापरतात आणि त्यावर स्टीलची चकती बसवतात. चकती जागेवर आहे तोवर पाण्याशी त्याचा संबंध येत नाही. ती निखळली, तर ती बाटली वापरणं बंद करायचं, लहान मूल असलेल्या घरात तर त्याच क्षणी.

बाटली घरी आणली की पहिल्याच दिवशी तपासा, परत करण्याची मुदत असते तेव्हाच. उकळतं पाणी भरा, झाकण लावा आणि दहा मिनिटांनी बाहेरून तळहात फिरवा. तोंडाजवळ थोडं कोमट लागेल, ते ठीक. पण अंगावर किंवा बुडाशी कुठे चटका बसला, तर पोकळी गेलेली आहे. बर्फाचं पाणी भरल्यावर बाटलीला बाहेरून घाम आला, तरी अर्थ तोच. मग थंड पाणी भरून, बाटली कोरडी पुसून, कोरड्या कागदावर आडवी ठेवा. तासाभराने कागदावर ओलावा दिसला तर दोष रिंगचा किंवा आट्यांचा. जुन्या बाटलीला पोचा पडला असेल तर पहिली परीक्षा तिचीही घ्या. पोच्यामुळे दोन भिंती आत एकमेकींना टेकल्या, की उष्णतेला नवा रस्ता मिळतो.

वापरायला लागल्यावर चार गोष्टी सांभाळा. भरण्याआधी पाच मिनिटं गरमासाठी गरम, थंडासाठी थंड पाणी घालून ओतून द्या, म्हणजे आतलं स्टील आधीच तयार होतं. बाटली फ्रीझरमध्ये ठेवू नका. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि आतली भिंत वाकवू शकतं. मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच. ब्लीच वापरू नका, त्यातलं क्लोरिन स्टीलला बारीक खड्डे पाडतं. खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी पुरेसं आहे. आणि कोमट दूध तासन् तास भरून ठेवू नका. ५ ते ६० अंशांच्या मधली ऊब जंतूंना मानवते, आणि आपली बाटली ती ऊब इमानाने राखते. पाण्याला जो गुण, तोच दुधाला घातक. बाळाचं दूध न्यायचं असेल तर गरम पाणी बाटलीत वेगळं न्या, आणि पावडर वेळेवर कालवा.

हाताशी बाटली घेऊन बसला असाल, तर आता तिची रिंग काढा. टोकदार सुरी नको, सिलिकॉन फाटतं. चमच्याचा दांडा चालेल. काढण्याआधी तिची उभट कड आत होती की बाहेर, ते नीट बघून घ्या, हवं तर मोबाइलवर फोटो काढा. उलटी बसली तर बाटली गळते. खाचेत जुना दात घासायचा ब्रश फिरवा, रिंग सोड्याच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ठेवा, धुवा, आणि दोन्ही रात्रभर उघड्यावर वाळू द्या. झाकण बाटलीवर न लावता, बाजूला, उताणं.

नमस्कार.