आधी कोण संपणार? लिमिटिंग रीएजंट काढायची रीत

नमस्कार! बेळगाव, खानापूर, निपाणीकडं मराठी माध्यमातनं एसएसएलसी (दहावी) करून पीयू (अकरावी-बारावी) सायन्सला गेलेल्या मुलांसाठी आजचा व्हिडिओ. इंग्रजीतला लांबलचक प्रश्न बघूनच बरीच मुलं लिमिटिंग रीएजंट, म्हणजे रासायनिक क्रियेत जो पदार्थ आधी संपतो आणि क्रिया थांबवतो तो, काढायचं सोडून देतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण आत आहे ते आपलं साधं त्रैराशिक.

उदाहरण आपल्या गावचंच घेऊ. बेळगावात हिंदाल्कोच्या कारखान्यात बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढतात. अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन मिळून झालेली पांढरी पूड असते ती. तिचा धातू करायचा तर ती वितळलेल्या क्रायोलाइट नावाच्या खनिजामध्ये विरघळवून, साधारण ९५० अंश सेल्सिअसला, त्यातनं वीज सोडतात. आत कार्बनचे अ‍ॅनोड (विजेची धन टोकं) असतात आणि ते हळूहळू झिजत जातात. का? अ‍ॅल्युमिनातला ऑक्सिजन कार्बनला धरतो आणि कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. म्हणजे कार्बन इथं नुसती वीज नेत नाही, तो स्वतः खर्च होतो.

समीकरण लिहून घ्या: २ अ‍ॅल्युमिना + ३ कार्बन → ४ अ‍ॅल्युमिनियम + ३ कार्बन डायऑक्साइड.

समजा ५१० ग्रॅम अ‍ॅल्युमिना आणि ७२ ग्रॅम कार्बन दिलाय. ग्रॅमवरनं काहीच ठरवायचं नाही, आधी मोल काढा, म्हणजे ग्रॅमला त्या पदार्थाच्या एका मोलच्या वजनानं भागा; अ‍ॅल्युमिनाचं ते १०२ ग्रॅम, कार्बनचं १२. ५१० भागिले १०२, पाच मोल. ७२ भागिले १२, सहा मोल.

आता नीट बघा, मार्क इथंच जातात. पाच हे सहापेक्षा कमी, म्हणून अ‍ॅल्युमिना आधी संपणार, असं लिहून मुलं मोकळी होतात. पण दोन मोल अ‍ॅल्युमिनाला तीन मोल कार्बन लागतो की! म्हणून प्रत्येकाचे मोल समीकरणातल्या त्याच्या आकड्यानं भागायचे. पाच भागिले दोन, अडीच. सहा भागिले तीन, दोन. लहान आकडा कार्बनचा, तेव्हा कार्बनच आधी संपणार. तोच लिमिटिंग रीएजंट.

यापुढचा सगळा हिशोब कार्बनवरनंच. तीन मोल कार्बनला चार मोल अ‍ॅल्युमिनियम, तर सहाला आठ. अ‍ॅल्युमिनियमच्या एका मोलचं वजन २७ ग्रॅम, म्हणून आठ गुणिले २७, २१६ ग्रॅम धातू. अ‍ॅल्युमिना चारच मोल वापरला, एक मोल उरला, म्हणजे १०२ ग्रॅम.

ताळा घ्यायचाच. सुरुवातीला ५१० अधिक ७२, ५८२ ग्रॅम. शेवटी धातू २१६, कार्बन डायऑक्साइड वायू २६४ (सहा मोल गुणिले ४४), उरलेला अ‍ॅल्युमिना १०२. बेरीज ५८२. जमलं!

आता कार्बन ७२ ऐवजी ९० ग्रॅम घ्या, बाकी सगळं तेच. कोण आधी संपतं ते वहीत सोडवून कमेंटमध्ये लिहा.