जांभळाच्या बियांची टेस्ट आणि तो विसरलेला ब्लँक

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच धोशा: ‘मॅडम, जांभळाच्या बियांची अल्फा-ग्लुकोसिडेज टेस्ट दाखवा.’ प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले, कळलं.

मूळ गोष्ट पटकन. हे एन्झाइम आतड्यात पिष्टाचे शेवटचे तुकडे तोडून ग्लुकोज मोकळं करतं. ते अडवलं की जेवणानंतर साखर झपकन चढत नाही. मधुमेहावरची अकार्बोजची गोळी हेच करते. बिया वाळवा, दळा, मेथनॉलमध्ये अर्क काढा, मेथनॉल उडवा. छोट्या खळग्यांच्या (‘वेल’च्या) प्लेटमध्ये एन्झाइम, अर्क, थोडा वेळ थांबा, मग पीएनपीजी, म्हणजे ग्लुकोज जोडलेलं एक रसायन. एन्झाइमने ते तोडलं की पिवळा रंग येतो. शेवटी क्रिया थांबवायला सोडियम कार्बोनेट, आणि ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात रंगाचं रीडिंग. रंग कमी म्हणजे एन्झाइम अडलं.

आता खरी गोची. अर्काला स्वतःचाच रंग असतो की!

एम.फार्मला माझं कंट्रोलचं, म्हणजे अर्क न घातलेल्या वेलचं, रीडिंग १.०, अर्काचं १.२. हिशेब केला तर इनहिबिशन, म्हणजे एन्झाइम किती अडलं ते, उणे २० टक्के. गाइड शांतपणे म्हणाले, ‘तुझं जांभूळ साखर वाढवतंय का गं?’ दोन रात्री एन्झाइमला शिव्या घातल्या. मग फक्त अर्क आणि बफरचं द्रावण घातलेला वेल वाचला, एन्झाइम न घालता, हाच तो ब्लँक: ०.७! १.२ मधून ०.७ गेले, उरले ०.५. म्हणजे ५० टक्के अडवलं होतं. रंग बियांचा, बदनामी एन्झाइमची.

वाणी तेल देताना आधी रिकामा डबा तोलतो ना? तेच.

आणि हो, ‘मॅडम, एकच ब्लँक पुरेल का?’ असं विचारणाऱ्यांनो, नाही! प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला वेगळा. अर्क दुप्पट घातला तर रंगही वाढतो. ब्लँकमध्येही कार्बोनेट घालायचंच, कारण अल्कलीत टॅनिन, म्हणजे बियांतली तुरट द्रव्यं, आणखी गडद होतात. कार्बोनेटशिवायचा ब्लँक म्हणजे दुसऱ्याचाच डबा तोलला.

टॅनिनवरून आठवलं. जांभळाच्या बियांत ते भरपूर, आणि ते सापडेल त्या प्रोटीनला चिकटतात; एन्झाइमही प्रोटीनच. त्यामुळे ‘अकार्बोजपेक्षा भारी!’ असे थंबनेल बघितले की माझं डोकं फिरतं. अहो, बहुतेक लॅबमध्ये एन्झाइम यीस्टचं असतं, आणि त्याच्यावर अकार्बोज मुळातच मंद चालतं. पैलवानाला ताप आलेला असताना कुस्ती जिंकून फेटा कसला बांधताय? उंदराच्या आतड्याचं एन्झाइम घेऊन दाखवा, मग बोलू.

एका ताईंनी विचारलंय, बाबांची गोळी बंद करून बियांची पूड देऊ का? ताई, नको. मी प्लेटमधल्या एन्झाइमबद्दल बोलतेय, बाबांबद्दल नाही. गोळीचं डॉक्टरांशी बोला.

स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेह घडवलेले उंदीर पुढच्या वेळी. तोवर कमेंटमध्ये प्लेटचा नकाशा टाका. ब्लँकची रांग दिसली नाही तर रिझल्ट मी वाचणारच नाही.