अस्समद : 'निरपेक्ष' हा अर्धाच अर्थ आहे

अस्सलामु अलैकुम, नमस्कार. मी निपाणीहून आपल्याशी बोलते आहे. लहान मुलांची नावे आणि त्यांचे अर्थ सांगणारे छोटे व्हिडिओ सध्या सगळीकडे फिरत आहेत, आणि ते पाहून चिकोडी, संकेश्वर, खानापूर आणि बेळगावच्या प्रेक्षकांकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. 'समद' या नावाचा अर्थ कोणी 'शाश्वत' सांगतो, कोणी 'निरपेक्ष' सांगतो, तर उर्दू जाणणारे 'बेनियाज', म्हणजे कशाचीच गरज नसलेला, असे म्हणतात. मग यातला खरा अर्थ कोणता?

सुरुवातीची माहिती आपल्यापैकी बहुतेकांना आहे, म्हणून ती थोडक्यात सांगते. 'अस्समद' हे अल्लाहचे नाव कुरआनात एकदाच येते, ११२व्या सूरहच्या (अध्यायाच्या), म्हणजे सूरह इखलासच्या, दुसऱ्या आयतीत (वचनात) : 'अल्लाहुस्समद'. चार आयतींची ही सूरह आपल्या घरांत मुलांना शाळेत जाण्याआधीच पाठ असते, आणि ती कुरआनाच्या एक तृतीयांशाच्या तोडीची आहे अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचे वचन, बुखारींच्या संग्रहात आहे.

आता मुख्य मुद्दा. 'निरपेक्ष' हा अर्थ चुकीचा नाही. तो अर्धा आहे, आणि अर्धा अर्थ पूर्ण म्हणून सांगितला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते. मी मराठी शाळेत शिकले. आठवीत असताना कुठेतरी वाचलेला हा शब्द मी मोठ्या अभिमानाने दादीला ऐकवला. दादी घरात दखनी आणि बाजारात मराठी बोलत असे. तिने विचारले, "निरपेक्ष म्हणजे ज्याला कुणाचं काही नको तो. मग त्याला आपलं तरी काय पडलंय?" मला उत्तर देता आले नाही. सूरह रोज म्हणणाऱ्या त्या बाईला त्या शब्दात जे जाणवत होते, ते माझ्या भाषांतरात उतरलेच नव्हते.

अरबीत हा शब्द साद, मीम, दाल या तीन अक्षरांच्या धातूपासून येतो, आणि त्या धातूच्या क्रियापदाचा अर्थ एखाद्याच्या दिशेने जाणे, त्यालाच लक्ष्य करून निघणे असा आहे. टोळीत ज्याच्यावाचून कोणताही निर्णय होत नसे, अडल्या वेळी सगळे ज्याच्या दाराशी जात, अशा प्रमुखाला जुन्या अरबीत 'समद' म्हणत. मराठीत यासाठी आयता शब्द आहे. आपण संकटात कोणाकडे तरी धाव घेतो, आणि देवाला हाक मारतो तेव्हा त्याचा धावा करतो. ज्याच्याकडे सर्वांनी धाव घ्यावी आणि ज्याला स्वतःला कोठेही धाव घ्यावी लागत नाही, तो अस्समद.

मागच्या व्हिडिओत मी 'धावा' हा शब्द वापरला, तेव्हा एका दर्शकाने तो आपला शब्द नाही असे लिहिले होते. मला हे मान्य नाही. सीमाभागातला मुसलमान पिढ्यानपिढ्या ऊस, तंबाखू, पाऊस आणि आजारपण याच मराठीत बोलत आला आहे, आणि अडल्यावर ज्या शब्दात तो हाक मारतो तो शब्द त्याचाच आहे. आणखी एकाने 'सनद' आणि 'समद' एकच का, असे विचारले. ते एक नव्हेत. 'सनद' सीन, नून, दाल या धातूतून येते, त्याचा अर्थ टेकणे, आधार घेणे असा आहे, आणि 'मसनद' हा शब्दही तेथूनच आला आहे.

मग 'निरपेक्ष' आणि 'शाश्वत' हे अर्थ आले कोठून? इसवी सन ९२३ मध्ये निधन पावलेले भाष्यकार तबरी यांनी जुन्या जाणकारांची मते एकत्र नोंदवून ठेवली आहेत. त्यांत इब्न अब्बास यांच्या नावाने 'ज्याचे स्वामित्व परिपूर्ण आहे असा स्वामी' हा अर्थ येतो, हसन बसरी आणि कतादा यांच्या नावाने 'सृष्टी संपल्यावरही उरणारा' हा अर्थ येतो, आणि मुजाहिद यांच्या नावाने 'ज्याच्या आत पोकळी नाही तो' हा अर्थ येतो. हा शेवटचा अर्थ ऐकून पुष्कळ लोक गोंधळतात, म्हणून येथे थोडे थांबते.

दादी मडके घ्यायला मला आठवडी बाजारात नेत असे. ती मडके डाव्या हातावर तोलून उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने त्यावर टकटक करी, कान जवळ नेई, आणि आवाज खणखणीत आला तरच कुंभारमामांना पैसे देई. तो आवाज पोकळीचा असतो. मडके आतून रिकामे आहे म्हणूनच ते भरावे लागते, आणि भरले तरी पुन्हा रिते होते. माणूस तसाच आहे; त्याला पोट आहे, तहान आहे, आत सतत काहीतरी उणे आहे. ज्याच्यात असे काही उणे नाही, ज्याला अन्नपाणी लागत नाही, तो अस्समद, असे त्या जुन्या अर्थाने सांगितले आहे. अल्लाहला देह आहे असे त्यातून निघत नाही, कारण 'त्याच्यासारखे काहीही नाही' असे कुरआनच ४२व्या सूरहमध्ये सांगते.

परंतु वाटण वाटायचा वरवंटाही भरीव असतो, आणि दार लावून बसलेल्या सधन माणसालाही कोणाची गरज भासत नाही. गल्लीत रात्री कोणाला कळ आली, तर त्या बंद दाराकडे कोणीही जात नाही. नुसते 'गरज नसणे' म्हणजे समद होणे नव्हे. त्याला काही नको, आणि सर्वांना तोच हवा, ही दोन्ही अंगे एकाच शब्दात आहेत, आणि दुसरे अंग गाळले की दादीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

ही गोष्ट सूरहच्या रचनेतही दिसते. पहिल्या आयतीत 'अहद', म्हणजे एकमेव, हा शब्द 'अल' न लावता येतो ('अल' हे अरबीत 'तोच तो, ठरावीक' असे दाखवणारे उपपद आहे), आणि दुसऱ्या आयतीत 'समद'ला मात्र 'अल' लागते. अरबीचे जाणकार या रचनेतून 'समद तोच, दुसरा कोणी नाही' असा अर्थ घेतात. लगेच तिसरी आयत सांगते की त्याने कोणाला जन्म दिला नाही आणि त्याला कोणी जन्म दिला नाही, म्हणजे तो कोणापासून आला नाही आणि कोणावर टेकलेला नाही. जुने इस्लामी विचारवंत इमाम गझाली यांनी तर म्हटले आहे की लोक ज्याच्याकडे आपल्या अडचणी घेऊन जातात आणि ज्याच्या हातून त्या सुटतात, त्या माणसाला या नावाच्या अर्थाचा थोडा वाटा मिळालेला असतो. पूर्ण समद मात्र एकच. हे वाचल्यावर मला आमच्या गल्लीतल्या सुईणकाकू आठवल्या, ज्यांची कडी रात्री दोन वाजताही कोणीतरी वाजवत असे आणि ज्या आधी कंदील घेत व मग नाव विचारत.

शेवटी, नाव ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी. हे नाव अल्लाहचे असल्याने माणसाचे नाव 'अब्दुस्समद' असे ठेवतात, त्याचा अर्थ समदचा दास. 'अल'मधला ल पुढच्या साद अक्षरात मिसळून जातो, म्हणून 'अब्दुल समद' असा उच्चार अरबीत होत नाही, आणि नुसते 'अब्दुल' म्हणजे 'अमक्याचा दास' एवढेच अर्धवट राहते. माझ्या भाच्याच्या दाखल्यावर एका कार्यालयात 'अब्दुल' नावाच्या रकान्यात आणि 'समद' आडनावाच्या रकान्यात गेले, आणि ते दुरुस्त करून घेण्यात आमची दोन वर्षे गेली. अर्ज भरताना हे नाव सलग, मध्ये जागा न सोडता, जोड स देऊन पहिल्याच रकान्यात लिहा : अब्दुस्समद.