बाई पाड्यावर गेल्या

(दृश्य : चिकूच्या वाड्या, मागे डोंगर. लाल मातीची वाट. खांद्याला पिशवी लावून अंगणवाडी सेविका चालते आहे.)

पालघर जिल्ह्यातला डहाणू तालुका. पश्चिमेला समुद्र आणि चिकूच्या वाड्या, पूर्वेला डोंगर आणि वारल्यांचे पाडे. पाड्यातली घरं दाटीनं नसतात. एक इथे, दुसरं ओहळापलीकडे, तिसरं टेकाडावर. अंगणवाडीतली मुलं जेवून घरी गेली की सेविका या वाटेला लागते. तिच्या कामाच्या यादीत याचं नाव ‘गृहभेट’.

तिच्या पिशवीत काय आहे, बघा.

(पिशवीतून एकेक वस्तू बाहेर येते.)

पाण्याची रिकामी बाटली, आत चिंचोके, झाकण घट्ट लावलेलं. पुठ्ठ्याचे चार तुकडे, जुळवले की कोंबडा होतो. चिंध्यांचा चेंडू. दोऱ्यात ओवलेली रंगीत झाकणं. दुकानातून आणलेलं यात काही नाही.

(कुडाचं घर, शेणानं सारवलेलं अंगण. आई, आजी, दीड वर्षाची मुलगी.)

मुलगी दीड वर्षाची आहे. सेविका चेंडू मुलीच्या हातात देत नाही, आईच्या हातात देते. सगळी मेख इथे आहे. सेविका आज येईल, पंधरा दिवसांनी परत येईल. आई मात्र रोज इथेच आहे. म्हणून खेळ आईनं शिकायचा आणि सेविकेनं बाजूला बसून बघायचं. मुलगी काय करते, कशाकडे बोट दाखवते, कोणता आवाज काढते, आणि त्या आवाजाला आई काय उत्तर देते.

(इथे निवेदन थांबतं. सुमारे एक मिनिट अंगणातले आवाज.)

मूल बोट दाखवतं, मोठं माणूस त्या दिशेला बघतं आणि काहीतरी बोलतं. मूल पुन्हा आवाज करतं. बालविकासाचे संशोधक या देवाणघेवाणीला फार महत्त्व देतात. आयुष्याच्या पहिल्या तीन वर्षांत मेंदूतल्या जोडण्या कमालीच्या वेगानं होत असतात, आणि त्यांना अन्नाइतकीच या बोलण्याची गरज असते.

(दृश्य : कोसबाडची टेकडी. जुन्या इमारती, झाडं. कृष्णधवल छायाचित्रं.)

या वाटेवरून चालणारी ही पहिली बाई नव्हे. इथून जवळच बोर्डी आहे आणि ही कोसबाडची टेकडी. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. त्याआधी गुजरातेत भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत त्यांनी बालशिक्षणाचं मोठं काम उभं केलं होतं. याच कामासाठी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ ही संस्था स्थापन झाली होती. खास साधनांनी खेळत मुलानं स्वतः शिकायची मॉन्टेसरी पद्धत ताराबाईंना पुरती माहीत होती, आणि ती साधनं किती महाग पडतात हेही. शहरातल्या सुखवस्तू घरांतल्या मुलांना जे मिळतं, ते खेड्यातल्या मुलाला का मिळू नये, हा प्रश्न घेऊन त्या बोर्डीला आल्या. त्यांच्यासोबत आल्या अनुताई वाघ. बालपणी लग्न झालेल्या, बालपणीच विधवा झालेल्या, आणि जिद्दीनं शिकून शिक्षिका झालेल्या.

बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. आदिवासी पाड्यातली मुलं मात्र येईनात. आली तरी टिकेनात. अंतर होतं, भीती होती, घरी कामं होती. आईबाप पहाटे मजुरीला गेले की धाकट्या भावंडाला कडेवर घेणारी सहा-सात वर्षांची बहीण शाळेत येणार कशी?

मग बाईच पाड्यावर गेल्या.

(दृश्य : जुनं छायाचित्र. झाडाखाली गोल करून बसलेली मुलं.)

एखाद्या घराचं अंगण झाडून घ्यायचं आणि तिथेच मुलं जमवायची. आंघोळ नसेल तर तिथेच आंघोळ, नखं वाढली असतील तर तिथेच कापायची. साधनं म्हणजे शिंपले, खडे, बिया, पानं, माती. मोठे-छोटे शिंपले वेगळे करणं म्हणजे वर्गीकरण, खड्यांच्या ओळी म्हणजे गणित. मुलं बसली आहेत, त्यांच्यामागे आया उभ्या आहेत, एखादी आजी कोंबड्या हाकलते आहे. आई शाळा बघते आहे आणि बाई आईचं घर बघताहेत. बंद वर्गात हे साधलं नसतं.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. तिथे विकासवाडी उभी राहिली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. कडेवरचं भावंड पाळणाघरात ठेवलं की मोठी बहीण शाळेत बसायला मोकळी. आणि जी मुलं गुरं घेऊन रानात जात, त्यांच्यासाठी कुरणशाळा. गुरं चरताहेत तिथे बाई साधनं घेऊन हजर.

(दृश्य : आजचं कुरण. गुरं, दोन मुलं, काठ्या.)

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. अनुताई १९९२ मध्ये जाईपर्यंत याच टेकडीवर काम करत होत्या. दरम्यान २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ प्रकल्पांपासून सुरू केली, आणि पुढे गावोगाव, पाड्यापाड्यावर अंगणवाड्या झाल्या.

(दृश्य : सेविका आणि मदतनीस खेळणी बनवताहेत. कात्री, पुठ्ठा, डिंक. हातांचे जवळून शॉट.)

आता हे हात बघत बघत आपण थोडं लांब जाऊ. कॅरिबियन समुद्रातलं जमैका हे बेट, त्याची राजधानी किंग्स्टन. १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या गरीब वस्त्यांतली उंची खुंटलेली १२९ मुलं निवडली, वय ९ ते २४ महिने. त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला दुधाचा पूरक आहार. दुसऱ्याला दर आठवड्याला तासभराची गृहभेट. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं.

भेट देणाऱ्या बायका मोठ्या पदव्या घेतलेल्या नव्हत्या. आरोग्य केंद्रातल्या साध्या कार्यकर्त्या होत्या, पण त्यांना नीट प्रशिक्षण मिळालं होतं आणि त्यांच्या कामावर कुणाचं तरी बारीक लक्ष होतं. खेळणी अशीच, टाकाऊ वस्तूंची. एका आठवड्याला खेळणं घरी ठेवायचं, पुढच्या आठवड्याला ते घेऊन दुसरं द्यायचं. खेळ थोडा थोडा अवघड करत न्यायचा. आईचं कौतुक करायचं, तिला रागवायचं नाही.

ही मुलं बावीस वर्षांची झाल्यावर संशोधकांनी पुन्हा शोधली. १०५ जण सापडले. ज्यांच्या घरी भेटी झाल्या होत्या त्यांची कमाई इतरांपेक्षा सरासरी २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसत्या पूरक आहाराचा असा परिणाम कमाईत दिसला नाही. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. आपल्याकडे ओडिशात कटकच्या ५४ वस्त्यांतही १८ महिने असाच प्रयोग झाला, त्याच वस्त्यांतल्या बायकांकडून, आणि मुलांच्या आकलनात चांगला फरक दिसला.

(दृश्य : सकाळची अंगणवाडी. एकच खोली. भिंतीवर फळं, प्राणी, अंक.)

पण सेविकेच्या पिशवीत खेळणं आहे म्हणून काम झालं असं नाही. आमच्या कॅमेऱ्यानं या खोलीतली एक अख्खी सकाळ टिपली आहे. तीच बघा.

(सलग दृश्यं, कमी कटिंग.)

दार उघडलं, झाडू फिरला, मुलं आली. प्रार्थना झाली. गाणं सुरू झालं. एक गरोदर बाई आली, घरपोच आहार न्यायला. पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवर तिच्या चेहऱ्याची ओळख पटायला हवी. रेंज नाही. सेविका तिला घेऊन बाहेर, झाडाखाली, मग रस्त्यापर्यंत. आत मदतनीस चुलीशी. मुलं तेच गाणं पुन्हा म्हणताहेत. परत आल्यावर वजनकाटा. मग कुपोषण ओळखायला दंडाचा घेर. मग आदिवासी भागासाठीच्या अमृत आहार योजनेची अंडी मोजणं. मग नोंदवही. मध्ये एक मुलगा पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन सेविकेजवळ येतो, तिचा पदर ओढतो.

(तुकडा हातात धरलेला मुलगा. निवेदन नाही.)

ही बाई आळशी नाही. उलट सकाळपासून ती क्षणभर बसलेली नाही. बालशिक्षणाचा दर्जा मोजणारे निरीक्षक खोलीत वही घेऊन बसतात, तेव्हा ते रंगवलेल्या भिंतींवर थांबत नाहीत. मोठं माणूस मुलाशी किती वेळा, काय बोललं. मुलाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं का. साधनं मुलाच्या हाताला लागतात का, याची ते नोंद करतात. दिल्लीचं आंबेडकर विद्यापीठ आणि शिक्षणाच्या पाहण्या करणारं असर सेंटर यांनी राजस्थान, आसाम आणि तेलंगणातल्या सुमारे १४,००० मुलांचा अनेक वर्षं माग ठेवला. अंगणवाडीत शिकवणं फार थोडं होत होतं. खासगी बालवाडीत होत होतं ते पाठांतर आणि पाटीवर गिरवणं. खेळातून शिकणं दोन्हीकडे दुर्मीळ. फी भरून इंग्रजी बालवाडीत घालणाऱ्या आईबापांनी हे दोनदा ऐकावं.

तामिळनाडूत एक साधा उपाय करून पाहिला गेला. अंगणवाडीत फक्त शिकवण्यासाठी अर्ध्या वेळेची आणखी एक कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षात मुलांचं गणित आणि भाषा सुधारली. मूळ सेविकेला पोषणाच्या कामाला वेळ मिळाला आणि कुपोषणही कमी झालं.

(दृश्य : पुन्हा पाड्याची वाट. दिवाळीनंतर कुलूप लागलेली दोन घरं.)

दिवाळी झाली की यातली काही कुटुंबं वीटभट्टीवर जातात. गृहभेट तिथवर पोहोचत नाही.

(दृश्य : मोबाइलचा स्क्रीन.)

गृहभेट ‘झाली’ एवढंच फोनला कळतं. भेट दहा मिनिटांची होती की तासाची, आई खेळली की नुसती ऐकत राहिली, हे कळायची सोय हवी. कोलंबियात जमैकासारखाच गृहभेटींचा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला, तेव्हा सुरुवातीला दिसलेला फायदा कार्यक्रम संपल्यानंतर दोन वर्षांनी उरला नव्हता. केंद्राची ‘नवचेतना’ ही तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीची चौकट २०२४ मध्ये आली, त्यात १४० कृती आहेत. राज्यात लहान मुलांच्या विकासासाठीचा ‘आरंभ’ कार्यक्रम आहे. कागदावर कमी काही नाही.

(दृश्य : पर्यवेक्षिका आणि सेविका एका अंगणात बसलेल्या.)

पर्यवेक्षिकेनं रजिस्टर तपासायच्या आधी महिन्यातून एक गृहभेट सेविकेसोबत पूर्ण बसून बघावी. आणि सकाळच्या शिकवण्याच्या तासांसाठी प्रत्येक अंगणवाडीला आणखी एक बाई द्यावी. आदिवासी तालुक्यांपासून सुरुवात करावी, आणि ती याच वर्षी करावी.